लिहिलेले पोचते का? मराठी गद्याच्या सुबोधतेचा इतिहास आणि चिंताकीचा वाचक

बीदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात चिंताकी हे गाव आहे. तालुक्याच्या एका अंगाला महाराष्ट्रातील उदगीर व देगलूर, दुसऱ्या अंगाला तेलंगणातील नारायणखेड. येथील घराघरांत मराठी बोलली जाते, कचेरीत कन्नड चालते, बाजारात दखनी आणि तेलुगूही कानी पडते. काही वर्षांपूर्वी आम्ही मातृभाषेतील शिक्षणाविषयी एक पत्रक काढले आणि याच गावी मंडळींपुढे ते वाचून दाखविले. सर्वांनी माना डोलावल्या. उठता उठता आम्ही एका माउलीला सहज विचारले, "मग आता काय करायचे ठरले?" ती संकोचून म्हणाली, "चांगलं लिहिलंय, पण काय करायचं ते काही कळलं नाही बघा."

पत्रक मराठीत होते, ऐकणारेही मराठी होते, तरी मजकूर पोचला नाही. दोष ऐकणाऱ्यांचा नव्हता, लिहिणाऱ्यांचा, म्हणजे आमचा होता. मातृभाषेच्या हक्कासाठी लिहिलेले मातृभाषकालाच कळत नसेल, तर त्या लिहिण्याला काय म्हणावे? या प्रश्नाने आम्हांस मराठी गद्याच्या इतिहासाकडे वळविले. लेखन वाचकाला सोपे जाते की अवघड, हे मोजण्याचे आणि सुधारण्याचे प्रयत्न कोणी, कसे केले, हे शोधताना जे हाती लागले ते सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वाचक कोण, हे आधी ठरविणारी परंपरा

आरंभ आमच्याच जिल्ह्यातून करावा लागतो, आणि तो कन्नडपासून. बाराव्या शतकात कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वर व त्यांच्या सोबतच्या शरणांनी वचने रचली. धर्मविचार संस्कृतात सांगण्याची रीत मोडून त्यांनी तो बोलत्या कन्नडात सांगितला. शरणांमध्ये नाना व्यवसायांचे लोक होते, स्त्रिया होत्या. त्यांना कळेल तीच भाषा शास्त्राची भाषा झाली. आम्ही मराठीचा कैवार घेणारे लोक आहोत, तरी हे ऋण नाकारणार नाही.

पुढच्याच शतकात मराठीत असाच निर्णय झाला. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्रात एकत्र केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या तोंडून आठवणी ऐकून त्यांनी हे काम केले. म्हणून त्या गद्यातील वाक्ये लहान आहेत; कोण आले, काय म्हणाले, काय घडले, हे एकामागून एक येते. पुढे केशिराजांना संस्कृतात ग्रंथरचना करावीशी वाटली, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. पंथातील वृद्ध स्त्रियांना मग काही कळणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता, अशी आठवण स्मृतिस्थळात आहे. ग्रंथ कोणासाठी, हे ठरवून मग भाषा ठरविणे, ही सुबोधतेची पहिली पायरी. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या आचार्यांनी ती नेमकी ओळखली होती.

पण याच पंथाच्या इतिहासात उलट उदाहरणही आहे. चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. अक्षरांची अदलाबदल ठाऊक असणाऱ्यालाच मजकूर लागे. त्या काळी ग्रंथरक्षणासाठी ते आवश्यक वाटले असेल. परिणाम मात्र असा झाला की, मराठीतील हे सर्वांत जुने आणि सर्वांत सरळ गद्य उरलेल्या मराठी समाजाला शतकानुशतके परके राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या अभ्यासकांच्या खटपटीने ते पुन्हा उजेडात आले. भाषा सोपी असूनही लिपीच्या कुलपामुळे वाचक तुटतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. सीमाभागातील मुलांचा विचार करताना ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

सोळाव्या शतकात बीदरला बरीदशाही होती. नारायणपेठेच्या देशपांडे घराण्यातील दासोपंत (१५५१–१६१५) यांना लहानपणी वडिलांच्या थकलेल्या वसुलीपायी बीदरास ओलीस राहावे लागले, अशी परंपरा आहे. पुढे ते अंबाजोगाईस स्थिरावले. त्यांचा गीतार्णव सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. एवढा ग्रंथ साद्यंत वाचणारे थोडेच. पण त्याच दासोपंतांनी पंचीकरणासारखा अवघड वेदान्तविषय एका पासोडीवर, जाड कापडावर, ओव्या आणि आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला. ती पासोडी अंबाजोगाईस आजही जपून ठेवलेली आहे. कापड पसरले की सारा विषय एका दृष्टिक्षेपात समोर येतो.

त्यांचे समकालीन एकनाथ यांनी इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते आणि बिघडलेला पाठ वाचकाला अडवीत होता. ग्रंथाची भाषा न बदलता त्याची वाट मोकळी करणे, हेही सुबोधतेचेच काम. नाथांनी भारुडांत तर सरकारी अर्जाचे रूपही घेतले, कारण ते रूप रयतेच्या ओळखीचे होते.

राजवाड्यांची मोजणी

मराठीत लेखनाची प्रत्यक्ष शब्दमोजणी कोणी केली, असे विचारल्यास पहिले ठळक नाव वि. का. राजवाडे यांचेच आठवते. फारसीचा मराठीवरील प्रभाव दाखविण्यासाठी त्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या तीन सालांतील कागद घेतले व त्यांतील शब्द मोजले. पहिल्या कागदात मराठी शब्द शेकडा सुमारे १४, दुसऱ्यात सुमारे ६२, तिसऱ्यात सुमारे ९३ भरले. दुसरा कागद शिवकालातला आहे. त्याच सुमारास राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि राज्यकारभारातील सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले.

ही मोजणी मोलाची आहे, पण ती काय मोजते हे नीट पाहिले पाहिजे. शब्द कोठून आला, हे ती सांगते. वाचकाला तो कळला की नाही, हे सांगत नाही. १६२८ चा कागद आज आपणांस अवघड वाटतो, तो त्या काळच्या पाटील-कुलकर्ण्यांना रोजचा होता. उलट कोशातील कितीतरी संस्कृत पर्याय लोकांच्या तोंडी कधीच बसले नाहीत. कागद, अर्ज, जमीन, मालक, वसूल, हिशेब हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी घराचेच होऊन राहिले. 'कलम' म्हटले की चिंताकीचा शेतकरी समजतो. 'अनुच्छेद' म्हटले की थांबतो. शुद्धता आणि सुबोधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चळवळीतील लोक त्यांची गल्लत फार लवकर करतात. आम्हीही केली आहे.

छापखाना, विरामचिन्हे आणि मोठ्याने वाचणे

जुन्या मोडी कागदांत शब्दांमध्ये अंतर नसे, वाक्य कोठे संपले ते दाखविणारी खूणही नसे. वाचणारा तयारीचा कारकून असे, त्यामुळे निभावून जाई. छापखान्याने वाचक वाढविला आणि अडचण उघडी पडली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, त्यात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत छापला जाई. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहिले आणि स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम यांची शिस्त मराठी पाठ्यपुस्तकांत रुजविली. आज ही चिन्हे जन्मजात वाटतात. वास्तविक ती पावणेदोनशे वर्षांपूर्वी वाचकाच्या सोयीसाठी मुद्दाम आणलेली आहेत. कँडींच्या मराठीला पुढे पुष्कळांनी नावे ठेविली, पण त्यांची चिन्हे सर्वांनीच ठेवून घेतली.

याच शतकातले दुसरे उदाहरण जोतीराव फुले यांचे. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मधील वाक्ये काही ठिकाणी पानभर लांबतात. वाक्य लांब म्हणजे अवघड, हा नियम खरा धरला तर हे पुस्तक शेतकऱ्याला कळूच नये. परंतु जोतीरावांनी ते ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखविले, बडोद्यास सयाजीराव गायकवाडांपुढेही वाचले. त्यातील शब्द शेतातले, घरातले, चावडीवरचे आहेत. वाक्य लांबते ते बोलणाऱ्याचा श्वास लांबतो तसे. म्हणजे वाक्याची लांबी मोजावी, पण त्या लांबीत काय भरले आहे तेही पाहावे.

परदेशातील सूत्रे आणि मराठीची अडचण

इकडे हे चालले असता अमेरिकेत लेखनाचे माप काढण्याचे शास्त्रच उभे राहत होते. १८९३ मध्ये एल. ए. शर्मन या प्राध्यापकांनी इंग्रजी गद्यातील वाक्यांचे शब्द मोजले. जुन्या लेखकांची सुमारे ५० शब्दांची सरासरी त्यांच्या काळापर्यंत २३ वर आली होती. १९२१ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी नित्य वापरातील १०,००० शब्दांची यादी शिक्षकांच्या हाती दिली. १९४८ मध्ये मूळचे व्हिएन्नाचे रुडॉल्फ फ्लेश यांनी प्रसिद्ध सूत्र मांडले: वाक्यातील शब्दांच्या सरासरीला १.०१५ ने, शब्दातील उच्चारखंडांच्या सरासरीला ८४.६ ने गुणावे आणि दोन्ही गुणाकार २०६.८३५ मधून वजा करावेत. उत्तर १०० च्या जवळ आले तर मजकूर सोपा, शून्याकडे झुकले तर अवघड.

हे सूत्र इंग्रजीसाठी बेतलेले आहे. मराठीवर ते जसेच्या तसे लादता येत नाही, कारण आपली भाषा प्रत्यय शब्दाला चिकटवते. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा मराठीत एक शब्द. हिंदीत तेच सांगायला 'घर के सामने वालों को भी' असे सहा शब्द लागतात. नऊ अक्षरांचा हा शब्द कोणाही मराठी मुलाला कळतो. उलट 'ऋण' हा दोन अक्षरांचा शब्द 'कर्ज' या शब्दापेक्षा अवघड जातो. २०१२ मध्ये खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी बंगाली व हिंदीसाठी वेगळी मापे मांडली, त्यांत जोडाक्षरांच्या संख्येचाही विचार आहे. मराठीसाठीही ही दिशा योग्य वाटते.

सीमाभागात तर जोडाक्षराला विशेष महत्त्व आहे. आमच्याकडील पुष्कळ मुले पहिली अक्षरे कन्नड लिपीत गिरवितात. कन्नडात जोडाक्षराचा दुसरा वर्ण बहुधा पहिल्याच्या खाली बसतो. देवनागरीत अर्धे अक्षर शेजारी येते. कन्नडातील रफाराची खूण अक्षराच्या पुढे लिहितात, देवनागरीत रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. 'कार्य' आणि 'दुसऱ्या' या दोन शब्दांतील 'र' वेगवेगळ्या रूपात का, हे तर मुद्दाम समजावून द्यावे लागते. घरात अस्खलित मराठी बोलणारे मूल मराठी पानावर अडखळते ते येथे. महानुभावांची लिपी हेतुपुरस्सर कुलूपबंद होती. या मुलांसाठी देवनागरी कोणाचाही तसा हेतू नसताना कुलूपबंद होत चालली आहे. अशा मुलापुढे जोडाक्षरांनी लादलेले वाक्य ठेवले, की ते पान मिटते आणि बहुधा पुन्हा उघडत नाही.

एका जिल्ह्याचे तीन भाग, एका भाषेची दोन वळणे

निजामाच्या राज्यात उर्दू ही कारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलखात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात आले. त्यानंतर दोन्ही बाजूंची लेखी मराठी वेगळ्या वाटांनी गेली.

महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला. मराठीला राज्यकारभाराची भाषा करण्याचे हे काम आवश्यकच होते. पण पदनाम कोशातील काही संस्कृतप्रचुर नावांची 'बदनाम कोश' म्हणून थट्टाही झाली. तरी ज्यांच्या कचेरीत, शाळेत, वर्तमानपत्रात ते शब्द रोज येत राहिले त्यांना ते हळूहळू सवयीचे झाले. आमच्या बाजूला ही सवय लागण्याची संधीच आली नाही. येथे कारभाराचे नवे शब्द कन्नडातून आले, जुने निजामी काळापासून टिकले.

म्हणून सीमेच्या दोन बाजूंना एकच मजकूर सारखा सोपा नसतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला 'सातबारा' सांगितला की पुरे; चिंताकीत 'पहाणी' म्हणावे लागते. देगलूर-उदगीरकडे 'पहाणी पत्रक' म्हणजे जुन्या दप्तरातला कागद. येथे तो आजच्या शेताचा उतारा. पुण्या-मुंबईच्या मराठीत छापलेली माहितीपुस्तिका येथे आणून वाटली, तर भाषा एक असूनही ती अर्धीच पोचते. पलीकडील हितचिंतकांनी आमच्यासाठी लिहिताना हा भेद ध्यानात घ्यावा, ही विनंती.

आमच्या पत्रकाची तपासणी

आता पुन्हा त्या पत्रकाकडे येतो. त्यातील मुख्य वाक्य असे होते:

"सीमाभागातील भाषिक अल्पसंख्याकांच्या मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण प्राप्त करण्याच्या संविधानप्रदत्त अधिकाराच्या अंमलबजावणीसंदर्भात संबंधित प्राधिकरणांकडून सातत्याने होत असलेल्या अनास्थेच्या पार्श्वभूमीवर समस्त मराठीभाषक पालकवर्गाने संघटितरीत्या निवेदने सादर करणे अनिवार्य ठरते."

वाक्य एक, शब्द २७, जोडाक्षरे २३. काय करायचे ते अगदी शेवटी येते. तोवर ऐकणाऱ्याने सव्वीस शब्द डोक्यावर तोलून धरायचे. हक्क कोणता, कोठे लिहिलेला, तेही त्यात नाही. आम्ही ते असे बदलले:

"लहान मुलांना मायबोलीतून शिकवण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. ही सोय आपल्या गावात नीट होत नाही. तेव्हा पालकांनी एकत्र येऊन अर्ज द्यावेत."

शब्द पुन्हा २७ च. पण वाक्ये तीन झाली, एका वाक्यात सरासरी नऊ शब्द आले आणि जोडाक्षरे २३ वरून १० वर उतरली. कलमाचा क्रमांक आला. 'अधिकार' हा ढोबळ शब्द जाऊन कलमात जे आहे ते, राज्याने प्रयत्न करावा हे, नेमके आले. सोपे लिहिताना आशय पातळ होतो, अशी भीती पुष्कळ विद्वानांना वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. मूळ वाक्यातील मोठ्या शब्दांआड आमचीच अपुरी माहिती लपली होती.

मोजणी झाली तरी शेवटचा कौल वाचकाचाच. त्यासाठी विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये सांगितलेली रीत कोणत्याही गावात करता येते. शंभर-दीडशे शब्दांचा उतारा घ्यावा, पहिले वाक्य तसेच ठेवून पुढे दर पाचवा शब्द गाळावा आणि गाळलेल्या जागा वाचकाकडून भरून घ्याव्यात. साधारणपणे शेकडा ६० हून अधिक जागा मूळ शब्दांनी भरल्या तर मजकूर त्याला स्वतःहून झेपतो. ४० च्या खाली आल्या तर तो त्याच्यासाठी नाही, असे समजतात. हे आकडे इंग्रजी वाचकांवरून आलेले आहेत, म्हणून ते काटेकोर न धरता दोन मसुद्यांची तुलना करण्यासाठी वापरावेत. ज्याला वाचता येत नाही त्याला उतारा वाचून दाखवावा आणि त्याच्या शब्दांत परत सांगायला लावावे. परीक्षा मजकुराची आहे, माणसाची नाही, हे आधी सांगून टाकावे.

घटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणे मांडणाऱ्याला संघाच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याची मुभा दिली आहे. आजवर ती निवेदने आम्ही लिहीत आलो आणि लोक सह्या व अंगठे देत आले. ज्याखाली सही करायची ते सही करणाऱ्याला कळले पाहिजे. नाहीतर ते निवेदन त्याचे कसे म्हणावे?

नवे पत्रक घेऊन आम्ही पुन्हा चिंताकीला गेलो. या वेळी आम्ही वाचले नाही. कन्नड शाळेत शिकणाऱ्या एका मुलीला वाचायला दिले. ती 'प्रयत्न' या शब्दावर थोडी थबकली, 'अर्ज' वर थांबली नाही. वाचून झाल्यावर तिच्या आजीने विचारले, "अर्ज कुणाच्या नावानं करायचा?" पत्रकात ते लिहायचे राहूनच गेले होते. आम्ही तिथेच ते पेनाने लिहून घेतले.